एकोणिसावा फर्मा

४ जून

पुस्तक दुरुस्ती विभागाच्या प्रमुखांना,
नमस्कार.

तुमच्या ग्रंथपालांना मी दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला छापील उत्तर आलं, की ग्रंथालय सोमवारी बंद असतं. मी ते विचारलं नव्हतं. म्हणून आता थेट तुम्हाला लिहिते. फाटकी पुस्तकं जिथे जातात तिथे निदान पुस्तक उघडून बघणारं कुणीतरी असेल, अशी आशा.

काम छोटं आहे. वेढ्यावरची ती जुनी गाजलेली कादंबरी तुम्हाला ठाऊक असेलच: तटबंदीचं शहर, शत्रूला आतून दार उघडून देणारा द्वारपाल, आणि त्यानंतर दोनशे पानं रडारड. तिची एकतीस वर्षांपूर्वीची आवृत्ती माझ्याकडे आहे. त्यात २८८ पानानंतर थेट ३०५ येतं. मधली सोळा पानं फाटलेली नाहीत, ती शिवलेलीच नाहीत. इतकी वर्षं त्या पानांवाचून माझं काही अडलं नव्हतं. आता अडलंय.

माझे वडील अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, अंथरुणाला खिळलेत. डोळ्यांना दिसत नाही. रोज चार वाजता मी ही कादंबरी वाचून दाखवायची, असा त्यांचा हुकूम आहे. ते छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी लावायच्या, हे त्यांचं काम. ही आवृत्ती त्यांच्याच हातची. परवा म्हणाले, "एकोणिसावा फर्मा आला की सावकाश वाच. गाळू नकोस." एक फर्मा म्हणजे सोळा पानं. मी बोटांवर मोजून पाहिलं, एकोणिसावा म्हणजे नेमका तोच. तो या घरात नाहीच, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

आम्ही २३१ पानावर आहोत. डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांची भाषा करतात. तुमच्या विभागाने त्यांच्याशी शर्यत लावू नये, एवढी विनंती.

एक सेवानिवृत्त सरकारी नोकर

११ जून

आदरणीय बाई,

मी विभागप्रमुख नाही. खरं म्हणजे विभागप्रमुख, मदतनीस आणि खळ ढवळणारी, तिन्ही मीच आहे. पण खुर्ची एकच दिलीय.

पुस्तक आमच्याकडे आहे. ते संदर्भाच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि चावी ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत. ते आले की झेरॉक्स काढता येईल, पण आधी परवानगीचा अर्ज भरावा लागतो. तिसऱ्या रकान्यात "पाने कशासाठी हवीत" असं विचारलंय. तिथे काय लिहू?

एक आगाऊ प्रश्न विचारते. मी ही कादंबरी शाळेत संक्षिप्त वाचली होती. संक्षिप्त करणाऱ्यांनी द्वारपालाला दार उघडल्यावर जे सोडलं ते कायमचं. तुम्ही इतकी वर्षं त्या भगदाडावरून उडी मारून पुढे जाताय. मधे काय घडलं असेल, असं तुम्हाला वाटतं?

दुरुस्ती विभाग (सर्व)

१५ जून

दुरुस्ती विभाग (सर्व) यांना,

रकान्यात लिहा: "मरणाऱ्या माणसाची इच्छा." सरकारी कागदावर हे शब्द वजनदार दिसतात. मी अनुभवाने सांगते. तेहतीस वर्षं मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसले.

वाटण्याचा प्रश्नच नाही. काय घडलं ते मला ठाऊक आहे. पान ३०५ सुरू होतं ते असं: "पण त्याला उचलायला कुणी पुढे होईना. अखेर राणी स्वतः पायऱ्या उतरून आली." म्हणजे पकडला, शिक्षा झाली, आणि प्रेताला हात लावायलाही माणूस मिळेना. राणी कशाला उतरली? खरंच मेलाय ना, याची खात्री करायला. मी असते तरी उतरले असते.

माझी एक मैत्रीण म्हणायची, मधल्या पानांत तो सुधारतो, जणू नव्याने जन्मतो. ती कादंबऱ्या फार वाचायची आणि तिघांकडून फसली. माझ्या खिडकीवर दोनच अर्ज असायचे, जन्माचा पांढरा आणि मृत्यूचा पिवळा. पुनर्जन्माचा अर्ज मागायला इतक्या वर्षांत कुणी आलं नाही. आलं असतं तर मी त्याला दुपारच्या सुट्टीनंतर ये म्हटलं असतं.

तुम्हाला पहिलं पत्र टाकलं त्याच दिवसापासून वाचन रोज सहा पानांवरून दोन पानांवर आणलंय. वडिलांना सांगितलं, घसा बसलाय. ते म्हणाले, "तुझा? कधीपासून?"

से. नि. स. नो.

२२ जून

आदरणीय बाई,

चावी आली. मी ती सोळा पानं कपाटापाशी उभ्यानेच वाचली. तुमचा अंदाज बरोबर की चूक, हे मी सांगणार नाही, तुम्हीच वाचा. एवढंच सांगते, की वाचताना मी दोनदा चष्मा पुसला, आणि कपाटात धूळ नव्हती.

आता झेरॉक्सचं यंत्र बंद पडलंय. दुरुस्तीला माणूस येईल. दुरुस्ती विभाग असूनही ते मला उघडायची परवानगी नाही.

घरी जेवताना मी तुमच्या पत्रांच्या गमती सांगितल्या. रागावू नका, आमच्याकडे दोनच माणसं, मी आणि बाबा, आणि सांगण्यासारखं फारसं काही नसतं. बाबा बाइंडर आहेत, मला हे काम त्यांनीच शिकवलं. ते सहसा ऐकतात आणि जेवतात. या वेळी त्यांनी पत्रं मागून घेतली. भात गार झाला तरी वाचत होते. मग म्हणाले, "शिशात काम केलेल्या माणसाला छातीचा त्रास होतो. त्यांची छाती कशी आहे विचार. आणि पुस्तक बांधलं कुणी होतं, तेही विचार." बाइंडर लोकांना दुसऱ्याच्या शिवणीत खोट काढायला आवडतं, तसलंच काहीतरी असेल.

दुरुस्ती विभाग

२७ जून

दुरुस्ती विभागास,

तुमच्या खात्याला पुस्तकाच्या पाठीऐवजी माझ्या वडिलांच्या छातीची काळजी केव्हापासून लागली? छाती वाजते. सकाळी जास्त. तुझ्या बाबांना कळव, विचारल्याबद्दल आभार. इतक्या वर्षांत नातेवाइकांनी विचारलं नाही.

पुस्तक माझ्या धाकट्या भावाने बांधलं. तो त्याच छापखान्यात बाइंडिंगला उमेदवारी करत होता. बावीस वर्षांचा. त्या साली छापखान्यात संप झाला, आणि संपाचे पुढारी आमचे वडील. कादंबरी अर्धीअधिक छापून झालेली, बाकीचे फर्मे जुळवून तयार, आणि यंत्रं बंद. सहा आठवडे कुणी हटलं नाही. मग एका सकाळी धाकट्याने मागचं दार आतून उघडलं आणि मालकाची बाहेरगावहून आणलेली माणसं आत घेतली. यंत्रं सुरू झाली, संप मोडला. वडील आणि त्यांच्याबरोबरची अकरा माणसं घरी बसली. वडिलांनी पुढची दहा वर्षं एका शाळेत घंटा वाजवली. धाकट्याला मात्र कायम केलं.

म्हणून आमच्या घरात त्याला "द्वारपाल" म्हणायचे. म्हणायचे म्हणजे, मी म्हणायचे. आणि एकोणिसावा फर्माच का गायब, हे आता तूच सांग. स्वतःचीच शिक्षा जिथे लिहिलीय, ती पानं कोण शिवेल? त्याने ती गाळली आणि पळाला. पुढे एकदा पत्र आलं होतं. वडील म्हणाले, तो आमच्या लेखी मेला. विषय संपला.

तुला "तू" म्हटलं गेलंय. खोडत नाही.

पान २७४. पाने लवकर पाठव.

५ जुलै

आदरणीय बाई,

सोबत एकोणिसावा फर्मा पाठवत आहे. झेरॉक्स नाही, मूळ छापील आहे. बाबांकडच्या जुन्या कागदांत एक सुटा फर्मा निघाला. परत पाठवायची गरज नाही.

मिळाल्याचे कळवावे.

दुरुस्ती विभाग

९ जुलै

मुली,

तुझ्या आधीच्या पत्रांत चार विनोद असायचे. या पत्रात एकही नाही. तिथेच मला शंका आली.

मग पाकीट उघडलं. या फर्म्याला सुईची भोकं नाहीत. म्हणजे तो कुठल्याही पुस्तकातून उसवलेला नाही, तो कधी शिवलाच गेला नाही. आणि घडीवर एक चकाकी आहे. बाइंडर लोक घडी हाडाच्या पट्टीने घासतात, हे मला ठाऊक आहे. अख्ख्या जगात एकच माणूस ती स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासायचा, कारण घरी काम आणलं की पट्टी नसायची. आई ओरडायची, "अरे, तो आमटीचा चमचा आहे!" जुन्या कागदांत सुटा फर्मा निघाला म्हणे. सोळा पानं घेऊन एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला कागदाचा ढिगारा म्हणतात का तुमच्या गावात?

तुझे बाबा कोण, ते तू मला लिही. मला ठाऊक आहे, तरी लिही. माझ्या नोकरीत तोंडी माहिती चालायची नाही.

फर्मा मी अजून वाचला नाही. वडिलांना २८६ वर थांबवलंय. ते म्हणतात, "तुझा घसा डॉक्टरला दाखव, नाहीतर शेजारच्या बाईंना बोलाव वाचायला."

१३ जुलै

आत्या,

हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय. तो लिहिण्याआधी दोन कागद फाडले.

मला खरंच काही माहीत नव्हतं. तुमचं २७ तारखेचं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवत होते, गंमत म्हणून. "धाकट्याने मागचं दार आतून उघडलं" इथे आले आणि त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. मी थांबले. म्हणाले, "वाच. बरोबर लिहिलंय."

मी विचारलं, का उघडलंत? मला वाटलं, काहीतरी कारण असेल, आजी आजारी होती वगैरे. गोष्टीत असतं तसं. ते म्हणाले, "मालक कायम करतो म्हणाला. आणि मला भीती वाटत होती, की हे कधी संपणारच नाही. दोन्ही खरं आहे. त्यातलं एकच सांगितलं तर खोटं होईल." कायमची नोकरी त्यांनी चार महिन्यांत सोडली. तिथे कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं, मालकसुद्धा नाही.

आता फर्म्याचं. तो त्यांनी गाळला नाही. संप मोडल्यावर त्यांनी सगळे फर्मे घरी आणले आणि तुमच्यासाठी प्रत बांधायला घेतली. आजोबा आले, खाली बसले, एकेक फर्मा हातात घेऊन चाळला. एकोणिसावा त्यांनी संपाच्या आदल्या दिवशी स्वतः जुळवून ठेवला होता. मागच्या दाराने आलेल्या माणसांनी छापलेला पहिला फर्मा तोच, आजोबांनीच लावलेल्या खिळ्यांवरून. आजोबांनी तो बाजूला काढून बाबांच्या हातात दिला. म्हणाले, "हा माझ्या घरात नको." बाबांनी उरलेलं पुस्तक शिवलं, तुमच्या उशाशी ठेवलं आणि सकाळी निघाले.

नंतर त्यांनी पत्र घातलं, येऊ का म्हणून. तुमचं कार्ड आलं: "वडील म्हणतात, तो आमच्या लेखी मेला." ते कार्ड फर्म्याच्या घडीतच होतं. पाठवताना बाबांनी बाहेर काढून घेतलं.

त्यांना यायचंय, आत्या. आजोबा आहेत तोवर. ते स्वतः म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते. त्यांनी तुम्हाला एकच विचारायला सांगितलंय, आणि आधी सांगितलं की तू हसशील. मी हसले नाही. विचारतात, "बाबा ते जे म्हणाले, ते कुठे बसून म्हणाले? कसे म्हणाले? आवाज चढवून, की नेहमीसारखे? मी फक्त कार्ड वाचलंय. मला ते ऐकूच येत नाही."

तुमची भाची

१९ जुलै

पोरी,

आधी फर्म्याचं सांगते, कारण तेवढं सोपं आहे.

सोळा तारखेला चार वाजता वाचायला बसले ती सोळाही पानं वाचूनच उठले. तू चष्मा का पुसलास ते कळलं. द्वारपाल मेलाय असं सगळं शहर समजून असतं, आणि तो नाव बदलून त्याच शहरात पाणी वाहत असतो. ज्यांची घरं त्याच्यामुळे जळली त्यांच्या दारात रोज दोन घागरी, आणि एक बाई तर त्याला पाणी सांडतोस म्हणून शिव्या घालते. मग दुसरा वेढा पडतो. मोडलेलं दार आता बाहेरूनच अडसर घालून बंद होतं, म्हणून तो बाहेर राहतो आणि तिथेच मरतो. बस, एवढंच. भाषण नाही, कबुली नाही. मी भाषणाची वाट बघत होते, म्हणजे मला हसता आलं असतं.

आणि ३०५ वर त्याला उचलायला कुणी पुढे होत नाही ते किळस येऊन नव्हे. हा माणूस कोण, कुणाचा, हेच कुणाला ठाऊक नसतं. राणीला ठाऊक असतं. ती खाली येऊन त्याला जुन्या नावाने हाक मारते. इतकी वर्षं मी ते वाक्य वाचत होते आणि राणीला माझा चेहरा लावत होते.

वडील डोळे मिटून ऐकत होते. मी म्हटलं, "बाबा, हे तुम्हीच जुळवलं होतंत. तुम्हाला माहीत होतं ना?" तर म्हणाले, "मी अक्षरं जुळवली. खिळे उलटे असतात, एकेक बघावा लागतो. माणूस शेवटी चांगला निघाला की वाईट, ते बघायला जुळाऱ्याला सवड नसते." मग घरात नाही हे माहीत असून का मागितलात, विचारलं. म्हणाले, "घरातून बाहेर काढला, त्यात काय होतं ते तरी कळावं." मग म्हणाले, "त्याने जपून ठेवला होता होय." आणि मग, भिंतीकडे तोंड करून, "पत्र मात्र कधी घातलं नाही त्याने."

आता तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. त्याला सगळं वाचून दाखव. कुठेही थांबू नकोस.

ते शब्द वडिलांनी कुठेही बसून म्हटले नाहीत. मी म्हटले. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या टेबलाशी बसून, डबा बाजूला सारून. पत्र माझ्या हाती लागलं होतं, मी ते वडिलांना दाखवलंच नाही. कार्ड तिथेच लिहिलं आणि घरी जाताना पेटीत टाकलं. वडिलांची नोकरी गेली, ते घंटा वाजवायला लागले, आणि एकदाही कुणावर चिडले नाहीत. मला ते सहन होईना. घरात कुणीतरी चिडायला हवं होतं. मग त्यांच्या वाटचं मीच चिडले, आणि सही त्यांच्या नावाने केली.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही चुकीची नोंद केली नाही, म्हणून निरोपाच्या दिवशी साहेबांनी माझं कौतुक केलं होतं. मी हार घालून घेतला आणि गप्प बसले. जिवंत माणसाला मी एकदाच मेलेला लिहिलं, आणि तोही आमच्याच घरातला.

वडिलांना काल सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळचा चहा घेतला नाही. आज सकाळी घेतला. त्यावर त्यांचं काय म्हणणं आहे ते मी कळवणार नाही. त्यांच्या वतीने लिहिण्याचं काम मी बंद केलंय.

मी फक्त माझं कळवते. माझी चूक झाली. तो येईल की नाही हे त्याने ठरवायचं. नाही आला तरी एक ओळ टाकायला सांग. लोकांना खिडकीबाहेर ताटकळत ठेवायची मला सवय आहे. बाहेर उभं राहायची नाही.

आत्या

२३ जुलै

ताई,

मुलीने सगळं वाचून दाखवलं. थांबली नाही.

गुरुवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. तुझ्यावर रागावायचं होतं. दोन दिवस प्रयत्न केला, पण दार मी उघडलं होतं, तू नव्हे. राग नीट बसेना. जेवढा उरलाय तेवढा समोर आल्यावर काढू, तुलाही काही बोलायचं असेल.

मी येतोय हे बाबांना आधी सांगू नकोस. त्यांना तयारी करायला वेळ देऊ नकोस. ते जे म्हणतील ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. चालता हो म्हणाले तरी चालेल, आवाज तरी कळेल.

फक्त दारात तू उभी राहा आणि "ये" म्हण. ते त्यांच्या वतीने नको. तुझं तू म्हण.

धाकटा